आपण चुकलो

घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, एसटी स्टँडवर त्या सकाळी मला सगळ्यात जास्त राग आला होता तो आमच्या पत्र्याच्या ट्रंकेचा. तिची कडी तुटली होती आणि आईने ती सुतळीने करकचून बांधली होती. सुताराच्या घरातली ट्रंक आणि तिला धड कडी नाही, लोक काय म्हणतील असं मला वाटत होतं. पण म्हणायला आलं होतं कोण? शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं कुणी गाव सोडून निघालं की सगळे स्टँडवर जमायचे, हा आमच्याकडचा रिवाज. एखादं गीत व्हायचं, पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करायचे, ती लांबली की कंडक्टर घंटी वाजवायचा, आणि मग प्रत्येकाचा हात हातात घेऊन 'सलाम' म्हणत म्हणत माणूस गाडीत चढायचा. साध्या बदलीवर निघालेल्या मास्तरणीलाही हा थाट मिळायचा.

आमच्यासाठी कुणी आलं नाही. आई रस्त्याकडे पाठ करून उभी होती आणि तरी मधूनमधून मान वळवत होती. दौंडहून आम्हाला न्यायला आलेले मामा म्हणाले, "सुंदरा, बस आता गाडीत." ती बसली. माझा धाकटा भाऊ दानियेल, आमचा दानी, खिडकीशी बसायला मिळालं म्हणून खुशीत होता. गाडी हलली तेव्हा आईने स्वतःच डोळे मिटले, ओठ हलवले आणि प्रार्थना उरकली. दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट.

आता शिरूर ते दौंड म्हणजे काही सातासमुद्रापलीकडचा प्रवास नाही. न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचं, तिथे गाडी बदलायची, वरवंड मागे टाकलं की दौंड आलंच. कॅनडातली माझी भाचरं फोनवर हसतात. "आत्या, याला मायग्रेशन नाही म्हणत, शिफ्टिंग म्हणतात," असं मला शिकवतात. शिकवू देत. विमानात बसून गेलेल्या माणसाला निदान निरोप द्यायला चार माणसं असतात. ज्याला आपल्याच माणसांनी निरोप दिला नाही, तो पुढच्या गावाला गेला तरी परदेशीच.

आम्ही का निघालो हे शिरूरच्या जुन्या लोकांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. माझे वडील शमुवेल, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मिशनच्या आवारात सुतारकाम करायचे, तिथेच मिळालेल्या एका खोलीत आम्ही राहायचो, आणि रविवारी ते मंडळीत भजनाला ढोलकी वाजवायचे. वाजवणं आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्याचं. पणजोबांनी हलगी खुंटीला टांगून बाप्तिस्मा घेतला, पण बोटांचा बाप्तिस्मा बहुधा राहून गेला असावा. एका जत्रेत तमाशाच्या फडाचा ढोलकीवाला आजारी पडला आणि अण्णांना एका खेळापुरतं बोलावलं. त्या एका खेळाचे दोन झाले, दोनाचा हंगाम झाला. शमुवेलचे शामराव झाले, दारू आली, आणि एक दिवस फडाच्या गाडीबरोबर ते निघून गेले ते घरी काही न सांगता.

पावसाळ्यात फड बंद होतात. त्या पावसाळ्यात ते एकदा परत आले होते. चिखलाने माखलेले, प्यायलेले. आमच्या खोलीपर्यंत पोचायच्या आधीच मंडळीचे पंच येशूदासआबा आणि आणखी दोघे अंगणात उभे राहिले. आधी मंडळीपुढं उभा राहा, चुकलो म्हण, मग घरात जा, असं आबांनी सांगितलं. अण्णांनी त्यांना शिव्या दिल्या, मग दाराशी येऊन आईला हाक मारली. आई आतून कडीवर हात ठेवून उभी होती. मी तिचा हात बघत होते. तिने कडी काढली नाही. अण्णा गेले, आणि थोड्याच दिवसांत आबांनी मंडळीत विषय काढला, की खोली कामावरच्या माणसाची आहे, माणूस गेला तर खोली कशाला. प्रार्थनेने सुरू झालेल्या त्या बैठकीत आमच्या बाजूने कुणी बोललं नाही.

दौंडात मामा रेल्वेत पॉइंटमन होते. त्यांच्या ओळखीने आई रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून लागली आणि पुढे तिला एका खोलीचं क्वार्टर मिळालं. शिरूरला आमचा दिवस मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, घंटेने उजाडायचा, इथे लोको शेडच्या भोंग्याने. दोरीवर पांढरं काही वाळत घालायची सोय नव्हती, इंजिनांची काजळी आधी येऊन बसायची. आमच्या तोंडी ड्यूटी, रनिंग रूम, अप, डाऊन असले शब्द आले. शेजारी एक गोव्याचं घर, एक तमिळ आणि एक अँग्लो-इंडियन बाई, जी आईला 'माय डियर' म्हणायची. आईला वाटायचं ती तिला माई म्हणते, आणि ती खूश व्हायची. आठवड्याला हिंदीत, इंग्रजीत, मराठीत, जिथे बसायला जागा मिळेल तिथे आम्ही उपासनेला जायचो. नगरकडून पुण्याला निघालेल्या नवख्या बायका इथे घाबरायच्या, कारण नगरकडून आलेल्या गाडीचं इंजिन दौंडला मागच्या बाजूला जोडतात आणि गाडी आली तशी उलटी निघते. गाडी परत नगरला चालली म्हणून एक मावशी चक्क उतरून पडली होती. आम्ही दौंडकर झाल्याचा पुरावा म्हणजे आम्ही तिला हसलो.

पण रात्रीच्या प्रार्थनेत आई अण्णांचं नाव घ्यायची. 'तो जिथे असेल तिथे त्याला पश्चात्ताप दे,' एवढंच. ते, हे, अहो, यातलं काही नाही, फक्त तो. तो शब्द, पश्चात्ताप, मला लहानपणी कधी नीट लिहिता आला नाही. रविवारच्या शब्बाथशाळेच्या बाई दर परीक्षेत त्यावर लाल रेघ ओढायच्या, दुसरा त कुठे गेला म्हणून विचारायच्या. अजूनही सभांच्या बॅनरवर दुसरा त गायब असतो आणि माझा हात पेन शोधतो. शिरूरच्या मंडळीच्या मते अण्णांनी पश्चात्ताप करायचा तो ढोलकीचा. आईचा त्यावर वेगळा हिशेब होता. ढोलकीचं मला काही नाही, देवानं बोटं दिली ती वाजवायलाच, पण लेकरं टाकून गेला ते पाप, असं ती मामांना सांगायची. मामा मान हलवायचे आणि बिडी शोधायचे.

आणीबाणीच्या काळात एक दिवस आई ड्यूटीवरून बाहेर आली तर दवाखान्यासमोरच्या बाकावर अण्णा बसलेले. केस पिकलेले, हातात पिशवी, तोंडाला वास नाही. आई त्यांच्यासमोरून सरळ चालत घरी आली आणि तिने नेहमीसारख्या भाकरी थापायला घेतल्या. फक्त त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी करपल्या. अण्णा दुसऱ्या दिवशीही बाकावर होते. पुढे त्यांनी एका लाकडाच्या वखारीत काम धरलं, तिथेच झोपू लागले, आणि रविवारी उपासनेत सगळ्यात मागे, चपलांच्या शेजारी येऊन बसू लागले.

ते परत का आले, हे त्यांनी मला वखारीत सांगितलं. मी डबा घेऊन जायचे, आईला ते माहीत होतं आणि ती माहीत नसल्यासारखं करायची. फडात खेळाच्या सुरुवातीला देवाचं नाव घेऊन गण होतो. एका जत्रेत गण चालू असताना अण्णांची बोटं त्यांना न विचारता मंडळीतल्या भजनाच्या ठेक्यात गेली. नाचणारीचा पाय चुकला, लोक हसले, फडमालकाने शिवी दिली. दुसऱ्या गावात पुन्हा तेच. "बोटं ऐकंनात, पोरी," अण्णा मला म्हणाले. "दारू पिऊन बसलो तरी ऐकंनात. मग म्हटलं, बोलवणं आलंय." मला वाटतं अण्णा देवाकडे परतले ते तिथे, कंदिलांच्या उजेडात, हसणाऱ्या लोकांसमोर. देव काही रुसून बसलेला नव्हता. रुसलो होतो आम्ही, आणि आम्हाला त्याचा हक्कही होता.

दानीचं मन तर दगड झालं होतं. तो तेव्हा शेडमध्ये फिटरचं शिकत होता आणि घरात अण्णांचा विषय निघाला की जेवण टाकून उठायचा. अण्णांनी फडातून एक सवय आणली होती, स्वतःला 'आपण' म्हणायची. आपण दारू सोडली, आपण आता बाटलीला शिवत नाही, असं ते छाती न फुगवता, अगदी पडेल आवाजात बोलायचे, पण शब्द तोच. दानीला त्याची चीड. "मी म्हणायला यांची जीभ झडते का?" असं तो एकदा वखारीच्या दारातच म्हणाला. अण्णांनी रंधा खाली ठेवला.

शेवटी आईने माझ्याकरवी निरोप पाठवला. क्वार्टरचं दार उघडेल, पण आधी शिरूरला जायचं. ज्या लोकांपुढं आम्हाला मान खाली घालायला लावली, त्यांच्यापुढं उभं राहायचं, आणि मग घरात यायचं. अण्णा लगेच तयार झाले. मला मात्र धास्ती होती. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे मंडळीत प्रभूची भाकर वाटतात त्या दिवशी, सगळ्यांसमोर उठून 'चुकलो, मला पदरात घ्या' म्हणायची ती पद्धत मी लहानपणी पाहिली होती. काही माणसं त्यानंतर सुखाने जगली, आणि काही पुन्हा कधी मंदिरात आली नाहीत. अण्णा तिथे अडखळले, भडकले, किंवा आबांनी त्यांना पुन्हा हाकललं, तर आईचं दार कायमचं बंद होणार हे मला कळत होतं. दानी आईच्या शब्दाखातर आला, पण गाडीत अण्णांपासून दूर, मागच्या सीटवर.

मंदिरात सतरंज्या त्याच होत्या. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. पाळकसाहेब नवीन होते, तरुण, आम्हाला न ओळखणारे. येशूदासआबा मात्र तेच, प्रभुभोजनाच्या मेजाजवळ काठीवर रेलून उभे. त्यांनी अण्णांना बाहेरच सांगून ठेवलं होतं काय बोलायचं ते: तमाशात वाजवून मी प्रभूच्या नावाला काळिमा लावला. पाळकसाहेबांनी नाव घेतलं. अण्णा खांबाला हात देऊन उठले. ढोलकीचं वाक्य त्यांना जमणार नाही हे मला आधीच माहीत होतं. मग ते म्हणाले, "आपण चुकलो."

आबांनी काठी आपटली. "आपण म्हंजी कोण? नीट बोला. मंडळी न्हाई चुकली."

अण्णा गोंधळले. त्यांनी म्हटलं होतं ते फक्त स्वतःबद्दल, फडावरच्या माणसासारखं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते सगळ्यांबद्दल. आपल्या भाषेतला हा एकच शब्द दोन्हीकडे धावतो, त्याला बिचारे अण्णा काय करणार. ते दुरुस्त करायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायांच्या बाजूने आई उठली. शिरूरच्या मंदिरात तिने आजवर गाण्याशिवाय आवाज काढला नव्हता.

"व्हय, आपणच," ती म्हणाली. "त्ये पावसात दारात आलं तवा कडी म्या काढली न्हाई."

'त्ये' म्हणाली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. ती बसली नाही, तशीच उभी राहिली. मग तिच्या शेजारची म्हातारी सुईण गुडघ्यावर हात टेकत उठली आणि म्हणाली, ही लेकरं घेऊन स्टँडवर गेली तवा आमी गेलो न्हाई. त्यानंतर सतरंज्यांवर नुसती सळसळ. एकेक करून लोक उभे राहत गेले. काहींना खरंच आठवत होतं, काही शेजारचा उठला म्हणून उठले, आणि मंडळीत असंच होतं. आबा आधीपासूनच उभे होते, त्यामुळे त्यांचं काही कळायला मार्ग नव्हता. मीही उभी राहिले, रडत होते. पुरुषांच्या बाजूला एकटा दानी मांडी घालून, सतरंजीच्या दशा ओढत बसून होता.

पाळकसाहेबांना पुढे काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी भाकर मोडली. तबक घेऊन फिरायचं काम आबांचं. ते अण्णांपाशी आले आणि थांबले. तबक खाली झुकलं, अण्णांनी पावाचा तुकडा उचलला. दानीने तुकडा घेतला नाही, मान हलवून तबक पुढे जाऊ दिलं. मग आबा बायांकडे वळले. आईसमोर ते वाकले, इतके की मला वाटलं पडतात. आणि हळूच म्हणाले, "सुंदरा, आपण चुकलो."

कोण आपण, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दुपारी स्टँडवर निम्मी मंडळी आली. गीत झालं, प्रार्थना लांबली, कंडक्टरने घंटी वाजवली. अण्णा गाडीच्या दाराशी घुटमळत होते. आत चढावं की वखारीत जायला वेगळी गाडी धरावी, हे त्यांना ठरवता येईना. आईने पदर खोचला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "चला, गाडी चुकंल." एवढंच. लग्न लागतानाही तिने इतकं गोड काही म्हटलं नसेल.

पुढची वर्षं अण्णा आमच्या क्वार्टरमध्ये राहिले. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. आई मध्येच जुनं काही आठवून दिवसभर अबोला धरायची, आणि ते निमूटपणे दळण आणायला जायचे. पहाटे भोंग्याआधी उठून ते प्रार्थना करायचे, पुटपुटत, बोटांनी मांडीवर ठेका धरत. देवाकडे वळणं एकदाच होतं, पण त्यानंतर रोज त्याच दिशेने चालावं लागतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले. दानी मात्र घरात असून घरात नसायचा. पुढे वाफेची इंजिनं कमी होणार म्हणून शेडमध्ये बोलणी सुरू झाली आणि दानीने मस्कतची नोकरी धरली. दौंड स्टेशनवर आई होती, मामा होते, आम्ही गीत म्हटलं. अण्णा प्लॅटफॉर्मच्या टोकाला, इंजिनात पाणी भरतात तिथे उभे राहिले. दानीने त्यांच्याकडे बघितलं नाही. मस्कतहून तो कॅनडाला गेला, तिथे घर, संसार, बर्फ, सगळं झालं.

दानी, आता हे तुझ्यासाठी. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, दानीला काय सांगू? मला वाटलं, तेच म्हणतील, जे शिरूरला म्हणाले. मीच त्यांना म्हटलं, सांगू का, आपण चुकलो म्हणून? त्यांनी उशीवर मान हलवली.

"न्हाई. तिथं 'आपण' चालायचं न्हाई. त्या पोराची काय चूक? त्याला सांग, मी चुकलो. मी एकटा."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावला. ताटकळत बसल्यावर लाइन मिळाली, मी ओरडून ओरडून हे सांगितलं, आणि तू म्हणालास, "अक्का, आवाज येत नाही." खरंच येत नव्हता की काय, ते मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. लिहिलेलं तरी ऐकू आलं नाही असं कुणाला म्हणता येत नाही.

मागच्या महिन्यात मी तुला घरी ये म्हटलं तर तू म्हणालास, घरी म्हणजे नक्की कुठे? प्रश्न बरोबर आहे तुझा. शिरूरची खोली पाडून तिथे पार्किंग झालं. क्वार्टर आई निवृत्त झाली तेव्हा रेल्वेला परत गेलं. शेडचा भोंगा नाही, काजळी नाही, शेजारच्या कुरकुंभच्या कारखान्यांचा वास मात्र वारा फिरला की येतो. आई-अण्णा दोघंही दौंडच्या कबरस्तानात शेजारी शेजारी आहेत, आणि मी गावातच गोपाळवाडीच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहते. यातलं कुठलं घर, हे मलाही सांगता येणार नाही.

पण तू आलास तर तुला कुणासमोर उभं राहावं लागणार नाही, कुणासाठी काही म्हणावं लागणार नाही. अण्णांना माफ केलंस की नाही हेही मी विचारणार नाही. दाराला कडी असते, ती दिवसा मी लावत नाही. आत आलास की मी म्हणेन, बस, आणि पाणी देईन. इतक्या वर्षांनी घराबद्दल मला एवढंच कळलं आहे, की तिथे आल्यावर माणसाला आधी बस म्हणतात.